आधी सायकस हलवा, मनीप्लांटचं नंतर बघू

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवतंच: कुत्र्यांना विषारी असलेली साठ-सत्तर झाडं. यादी इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने लावलेली असते, म्हणून कोरफड सगळ्यात वर. कोरफडीने पोट बिघडतं. ज्याने कुत्रं तीन-चार दिवसांत दगावू शकतं ते सायकस खाली कुठेतरी. मधूनमधून ट्यूलिप, अझेलिया अशी पुण्या-सोलापूरच्या बाल्कनीत सहसा न दिसणारी नावं. आणि मारुतीला वाहिलेली रुईची पानं किंवा कुंडीत घातलेली एरंडाची पेंड यांचा बहुधा पत्ताच नसतो. अशी यादी वाचून माणूस एक तर घाबरून सगळी झाडं शेजाऱ्यांना वाटून टाकतो, नाहीतर ‘आमच्या आजोळी कुत्रीही होती आणि बागही होती’ असं म्हणून फोन बाजूला ठेवतो.

दोन्हींची गरज नाही. गरज आहे ती क्रम लावण्याची. घरातल्या तीस कुंड्यांपैकी दोन-तीन अशा निघतात की त्या कुत्र्याच्या घरात असूच नयेत. बाकीच्यांपैकी बऱ्याच तोंड भाजवणाऱ्या किंवा पोट बिघडवणाऱ्या असतात आणि त्यांची नुसती जागा बदलली तरी भागतं. म्हणून आधी जिवावर बेतणारी झाडं पाहू.

पहिला क्रमांक सायकसचा. सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी, बंगल्याच्या पोर्चमध्ये, हॉटेलांच्या लॉबीत हे झाड हमखास असतं. वाढायला संथ, दिसायला रुबाबदार आणि माळ्याला फारसं काम नाही, म्हणून सगळ्यांचं लाडकं. त्याच्या पानांत, बुंध्यात, मुळांत सायकॅसिन नावाचं द्रव्य असतं आणि बियांमध्ये ते सगळ्यात जास्त. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्याचं विघटन करतात, त्यातून खरं विष तयार होतं आणि ते थेट यकृतावर घाव घालतं. एक-दोन बियासुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. वाईट भाग असा, की कुत्र्यांना हे झाड कडू लागत नसावं. पिल्लं त्याचा बुंधा आवडीने कुरतडतात. काही तासांत उलट्या सुरू होतात, मग कुत्रं जरा सावरल्यासारखं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन-तीन दिवसांनी डोळे-हिरड्या पिवळ्या पडायला लागतात. यावर उतारा नाही. दवाखान्यात सलाईन आणि यकृताला आधार देणारी औषधं एवढंच हातात असतं, आणि वेळेवर पोचलेली सगळीच कुत्री वाचतात असंही नाही.

नर्सरीत सायकसलाही ‘पाम’ म्हणतात आणि अरेका पामलाही. अरेका कुत्र्यांना निर्धोक आहे, म्हणून दोघांतला फरक ओळखता यायला हवा. सायकसला मधोमध खडबडीत, तपकिरी, अननसासारखा एकच बुंधा असतो आणि त्यातून चहूकडे फाकलेली कडक पानं. पानाच्या कुठल्याही पात्याच्या टोकावर बोट टेकवा, टोचतं. अरेकाचं पान हातात धरलं तर लवतं, आणि एकाच कुंडीतून पाच-दहा बारीक, पिवळसर खोडं वर आलेली असतात. घरात सायकस असेल तर उंच स्टँडवर ठेवण्याचा विचारही करू नका, देऊन टाका. सोसायटीत असेल तर मादी झाडाच्या शेंड्यावर धरणाऱ्या नारिंगी-तांबड्या बिया जमिनीवर पडतात तेव्हा त्या वेळीच वेचून टाकायला माळ्याला सांगा, आणि तिथून जाताना पट्टा आखूड धरा.

दुसरा गट हृदयावर परिणाम करणाऱ्या झाडांचा. यात सगळ्यांच्या ओळखीची कण्हेर. गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि पाण्याची फार फिकीर नाही, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावलेली दिसते. घरांत ती देवाच्या फुलांसाठी असते. पान, फूल, काडी, चीक, सगळंच विषारी. वाळलेलं पानही तितकंच, फुलदाणीत कण्हेरीची फांदी ठेवली तर ते पाणीसुद्धा. छाटणीनंतर कोपऱ्यात पडलेल्या काड्या हा यातला खरा सापळा आहे. कुत्र्यासमोर फेकायला हाताशी येईल ती काडी उचलायची सवय आपल्याला असते आणि तोंडात येईल ती काडी चावायची कुत्र्याला. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर आणखी जहाल.

याच गटात अडेनियम येतं. गच्चीवर बोन्साय करणाऱ्या मंडळींचा त्यावर फार जीव, आणि त्याच्या फुगीर बुंध्यातला चीक हृदयाला बाधणारा. शिवाय कलांचो आणि तिची घरगुती बहीण पानफुटी. मुतखड्यावर औषध म्हणून पानफुटी कित्येक घरांत लावलेली असते. पान मातीत पडलं की कडेने रोपं फुटतात, त्यामुळे एका कुंडीची कधी पाच झाली ते कळत नाही. तिच्यातली विषद्रव्यं बेडकाच्या, नेमकं सांगायचं तर भेकाच्या, कातडीतल्या विषाच्याच जातीची आहेत. पावसाळ्यात अंगणातला भेक तोंडात धरून फेस गाळणारं कुत्रं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कल्पना येईल. पानफुटीचं एखादं पान खाल्लं तर बहुधा उलटी-जुलाबांवर निभावतं. फुलोऱ्यासकट अर्धी कुंडी फस्त झाली असेल तर मात्र हृदयाचे ठोके बिघडू शकतात. औषधासाठी ठेवायचीच असेल तर ग्रिलमध्ये टांगा आणि खाली पडलेली पानं उचलत जा.

आता देवघराकडे वळू, कारण परदेशी याद्यांत न सापडणारा सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये धोत्रा, रुई आणि कण्हेर ही तिन्ही येतात. महाशिवरात्रीला महादेवाला धोत्र्याचं फूल आणि काटेरी फळ वाहतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. कोकणात गौरीच्या सणाला कळलावीची फुलं आणतात, त्यांना तिथे गौरीचे हातच म्हणतात. कळलावीत कोल्चिसीन असतं आणि तिचा कंद कुत्र्यालाच काय, माणसालाही मारू शकतो. पूजेला कुणाची हरकत नाही. पण पूजा झाली की हे सगळं निर्माल्य एका पिशवीत भरून, ती पिशवी दाराच्या कडीला किंवा बाल्कनीच्या कठड्याला अडकवून, ‘रविवारी विसर्जन करू’ म्हणून आपण मोकळे होतो. त्या पिशवीला नैवेद्याचा, तुपाचा, पेढ्याच्या चुऱ्याचा वास असतो. ती लोंबते नेमकी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. नैवेद्य शोधताना पत्री पोटात जाते.

धोत्रा पोटात गेल्याची लक्षणं ओळखायला सोपी आहेत: बुबुळातली बाहुली इतकी मोठी होते की डोळा काळाच दिसतो, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, कुत्रं आपल्याच माणसांना ओळखत नसल्यासारखं भिंतीला धडकतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो, ती वेगळी. उपाय साधा आहे. निर्माल्यासाठी झाकणाचा डबा ठेवा, तो ओट्यावर किंवा कपाटात असू द्या, आणि पत्रीची जुडी बाजारातून आणल्यावर खाली टोपलीत न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा. गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांची वर्दळ असते, दार उघडं असतं, कुत्र्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तेवढे दिवस ही शिस्त घरातल्या एका माणसाच्या नावावर करून टाका. बेल, दूर्वा, तुळस यांचं मनाला लावून घेऊ नका. दूर्वा तर कुत्री स्वतःहून खातात.

आणि खाण्याबद्दल बोलतोय तर हेही: कुत्र्याने गवत खाल्लं म्हणजे ते आजारी आहे असं नाही. धडधाकट कुत्रीही गवत खातात, त्यातल्या थोड्यांना नंतर उलटी होते, एवढंच. मात्र सोसायटीच्या हिरवळीवर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारतात का आणि कधी, हे माळ्याकडून माहीत करून घ्या.

कुंडीतल्या झाडाइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, कुंडीतल्या खताकडे बघायला हवं. एरंडाची पेंड हे सेंद्रिय खत म्हणून नर्सरीत सहज मिळतं, गुलाबाला चांगलं मानवतं. पण एरंडाच्या बियांमध्ये रायसिन असतं आणि तेल काढल्यावर ते पेंडीत मागे राहतं. उष्णतेने नीट निकामी केलेलं नसेल तर ती पेंड विषारीच. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असेल तर कुत्र्याच्या दृष्टीने ती मेजवानीच. नुकतं खत घातलेली कुंडी उकरून कुत्रं माती खातंय असं दिसलं तर ‘माती खायची सवय आहे’ म्हणून सोडून देऊ नका, पिशवीवरचं नाव वाचा. रायसिनचा परिणाम लगेच दिसत नाही. सहा तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत कधीही रक्ताचे जुलाब, उलट्या, ग्लानी सुरू होते. नुसता हाडांचा चुरा विषारी नाही, पण भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा गोळा बसतो. कुत्र्याच्या घरात शेणखत किंवा गांडूळखत वापरा. वासामुळे तेही चाखलं जाईल, पण जिवावर बेतणार नाही.

पावसाळ्यात गोगलगायी वाढल्या की लोक मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. त्या गोगलगायींना आवडाव्यात म्हणून कोंड्यात मळलेल्या असतात आणि कुत्र्यांनाही आवडतात. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंग थरथरायला लागतं, ताप झपाट्याने चढतो, झटके येतात. या गोळ्या कुत्र्याच्या घरात नकोतच. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. काम किळसवाणं आहे, पण हमखास आहे. त्याच दिवसांत कुंडीत उगवणाऱ्या छत्र्या, विशेषतः पिवळ्या, दिसताक्षणी उपटून कचऱ्यात टाका.

इथपर्यंतची झाडं आणि खतं बाजूला झाली की खरं संकट बरंचसं टळलं. आता ती झाडं, ज्यांच्यामुळे दवाखान्यात सगळ्यात जास्त फोन जातात पण कुत्रं सहसा दगावत नाही. मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, अँथुरियम, अ‍ॅग्लोनिमा, रंगीत पानांचं कॅलेडियम. ही सगळी अळूची भावंडं. अळू नीट शिजला नाही की घसा का खवखवतो, हे मराठी स्वयंपाकघराला सांगायला नको. पानांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात; पान चावलं की त्या सुटतात आणि जिभेत, हिरड्यांत, घशात रुततात. आपल्याला खाज सुटते तेच कुत्र्यालाही होतं. फरक इतकाच की त्याला ते सांगता येत नाही. ते एकाएकी मान झटकतं, पुढच्या पंजाने तोंड ओरबाडतं, लाळेच्या तारा गळतात, ओठ सुजतात, पाण्याच्या भांड्यापाशी जातं आणि न पिता परत येतं.

यात एक सोय आहे. दुखणं लगेच सुरू होतं, त्यामुळे दुसरा घास बहुतेक कुत्री घेत नाहीत. तोंडातला चोथा बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा, तोंड पाण्याने धुवा. पाणी गालाच्या बाजूने सोडा, थेट घशात नको. मग दोन-तीन चमचे गार दही किंवा दूध द्या, त्यातलं कॅल्शियम जळजळ थोडी कमी करतं. काही तासांत बहुतेक कुत्री पूर्ववत होतात. जीभ सुजून श्वास घ्यायला त्रास होत असेल, घरघर ऐकू येत असेल, किंवा पान डिफेनबेकियाचं असून बरंच खाल्लं असेल, तर मात्र दवाखाना. आणि एक कळकळीची सूचना: अळूच्या भाजीत चिंच घालतो म्हणून कुत्र्याला चिंचेचं पाणी पाजू नका. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं, द्राक्षं-मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात त्यामागेही याच आम्लाचा हात असल्याचं आता पशुवैद्य मानतात.

यानंतर पोट बिघडवणारी मंडळी. स्नेक प्लांट, ड्रॅसिना आणि लकी बांबू ही एकाच घराण्यातली. त्यांच्यात सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. उलटी होते, तिला कधी फेस असतो, कुत्रं एखादा दिवस जेवत नाही. कोरफडीचा गर त्रासदायक नाही, सालीखालचा पिवळा कडू चीक आहे. त्याने जुलाब होतात. कुत्र्याच्या अंगावरच्या खाजेला कोरफड लावणारे बरेच आहेत. लावायचीच तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा, चीक निथळू द्या, गर धुऊन घ्या आणि वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. ओव्याच्या जाड पानांची भजी माणसांना छान लागतात, कुत्र्याला त्या पानांतल्या तेलांनी उलटी होऊ शकते. जेड, शेवंती, ख्रिस्तकांता, रबर प्लांट, सगळ्यांचं कमी-अधिक असंच. नाताळात येणाऱ्या लाल पॉइन्सेटियाची बदनामी मात्र तिच्या कुवतीपेक्षा फार मोठी आहे.

सदाफुली थोडी वरच्या पायरीवर ठेवावी लागेल. तिच्यातून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी जननेंद्रियांवरची गाठ बरी करायला पशुवैद्य दर आठवड्याला याचंच इंजेक्शन देतात. शिरेतून, मोजून, रक्ततपासणी करून. तीच वनस्पती कुत्र्याने मनाला येईल तेवढी खाल्ली तर उलट्या-जुलाबांपासून झटक्यांपर्यंत काहीही होऊ शकतं. चव कडू असल्यामुळे सहसा तेवढी खाल्ली जात नाही. रातराणीच्या झुडपावर फळं धरली असतील तर तीही तोडून टाका.

स्नेक प्लांट, पीस लिली, मनीप्लांट ही त्रिमूर्ती घरोघर का पोचली? १९८९ साली नासाने बंदिस्त जागेतली हवा झाडांनी शुद्ध होते का याचा अभ्यास केला, त्यात यांची नावं होती, आणि तेव्हापासून ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ ही पाटी त्यांच्या कुंडीला चिकटली. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं, की खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेव्हा केवळ हवेसाठी पीस लिली कुत्र्याच्या गादीशेजारी ठेवली असेल तर ती खुशाल हलवा आणि खिडकी उघडा.

हलवायची कुठे? आपल्या फ्लॅटांमध्ये याचं उत्तर बहुधा खिडकीच्या ग्रिलमध्ये असतं. उंचीचा अंदाज घेताना कुत्रं चार पायांवर उभं आहे असं धरू नका; मागच्या पायांवर उभा राहिलेला लॅब्रेडॉर डायनिंग टेबलावरची पोळी उचलतो. मनीप्लांटचा वेल टांगला तरी वर्षभरात जमिनीला टेकतो, तो नाकाच्या वर राहील असा छाटत जा आणि छाटलेले तुकडे लगेच उचला. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी कुत्री आवडीने पितात. त्यात खत उतरलेलं असतं, डासही होतात, ताटली रिकामी ठेवा.

सगळ्यात सांभाळायचा काळ पिल्लाचे दात पडण्याचा. साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते तोंडात जातं. या काळात जमिनीवर एकही कुंडी नको, निर्धोक झाडाचीही नको, कारण त्या झाडाचा जीव जाईल. चघळायला गाजर द्या, थंड केलेलं असेल तर उत्तम. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातली वस्तू टाकायला शिकवा, आणि टाकली की बदल्यात काहीतरी द्या. नाहीतर वस्तू हिसकावायला तुम्ही मागे लागता, कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि ते पान गिळूनच टाकतं. कुंडीभोवती मिरचीपूड टाकण्याचा उपाय करू नका. नाकाडोळ्यांची आग होऊन कुत्रं तळमळतं आणि चार दिवसांनी पुन्हा तिथेच जातं. निळ्या पाण्याच्या बाटल्यांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या गेटवर त्या टांगलेल्या असतात त्याच गेटला टेकून गल्लीतली कुत्री झोपलेली असतात.

एवढं करूनही कधीतरी कुत्र्याच्या तोंडात हिरवं काहीतरी दिसेल आणि कुंडी अर्धी रिकामी. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याला तिथून बाजूला घेणं आणि तोंडात उरलेलं काढणं. दुसरं, झाडाचा फोटो काढणं. पान, खोड, फूल किंवा बी जे असेल ते जवळून, आणि एक फांदी पिशवीत. उलटी झाली असेल तर तीही पिशवीत घ्या, किळस बाजूला ठेवून. किती वाजता, अंदाजे किती, आणि कुत्र्याचं वजन किती, हे तीन आकडे डॉक्टर पहिल्या मिनिटात विचारतात. ‘कुठलंतरी शोचं झाड’ एवढंच सांगितलं तर त्यांना अंधारात तीर मारावा लागतो.

घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी हा आपल्याकडचा ठरलेला उपाय आहे आणि तो घातक आहे. उलटी झाली नाही तर रक्तातलं मीठ वाढून मेंदूला इजा होते, आणि झाडाने मेलं नसतं ते कुत्रं मिठाने मरतं. घशात बोटं, मोहरीचं पाणी, तेल, तूप, सगळं वर्ज्य. चीक किंवा अळूवर्गीय स्फटिक असतील तर उलटीबरोबर ते घशातून दुसऱ्यांदा जातात. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला पाजलेलं काहीही फुप्फुसात जाऊ शकतं. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देण्याचा मोह टाळा. पोट रिकामं करायचं असेल तर डॉक्टर इंजेक्शनने करतात, आणि त्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांत सगळ्यात जास्त होतो. म्हणूनच सायकस, कण्हेर, बिट्टी, धोत्रा, कळलावी, एरंड यांपैकी काही पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता निघायचं.

एक तपासणी आजच, कुत्रं ठणठणीत असताना, करून ठेवा. वरचा ओठ उचला आणि दाताच्या वरच्या हिरडीवर बोटाने दाब द्या. जागा पांढरी होईल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. मग मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपाशी, दोन बोटं ठेवून नाडी शोधा, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. विसावलेल्या मोठ्या कुत्र्यात ती मिनिटाला ६० ते १००, छोट्या जातीत १०० ते १४०च्या आसपास असते. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा माहीत असला की कण्हेरीच्या संशयात ‘ठोके अडखळतायत, नेहमी ९० असतात, आता ४५ आहेत’ असं फोनवर सांगता येतं, आणि डॉक्टर तुम्ही पोचण्याआधी तयारीत असतात.

रात्री अकरानंतर कुठला दवाखाना उघडा असतो हेही आजच शोधा आणि फ्रिजवर लिहून ठेवा. नेहमीचे डॉक्टर रात्री फोन घेतात का, हे त्यांनाच विचारा, संकोच नको. मुंबईत परळचं पशुरुग्णालय जुनं आणि मोठं आहे. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. जवळच्या ठिकाणाची वेळ आधी विचारून ठेवावी. अमेरिकेत राहणाऱ्यांना प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास चालणारी, पैसे घेऊन सल्ला देणारी दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे, ब्रिटनमध्येही तशी सेवा आहे. तिथे तो क्रमांक फोनमध्ये असलाच पाहिजे.

दवाखान्यातून परत आल्यावर सायकसच्या बाबतीत काम संपत नाही. कुत्रं शेपूट हलवत घरी आलं तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत यकृताची रक्ततपासणी पुन्हा करायची असते, डॉक्टर सांगतील त्या तारखांना. एरंडाच्या पेंडीनंतरही दोन दिवस विष्ठेवर नजर ठेवा. काळपट किंवा रक्ताळलेली दिसली तर लगेच परत जा.

रिकाम्या झालेल्या जागांसाठी झाडांची कमतरता नाही. अरेका पाम, नेचा, स्पायडर प्लांट, कॅलेथिया, पेपेरोमिया, आफ्रिकन व्हायोलेट, बाहेर गुलाब आणि मोगरा, ही सगळी निर्धोक. निर्धोक म्हणजे विषारी नाही एवढंच. अर्धा नेचा खाल्ला तर उलटी व्हायचीच. नवीन रोप घेताना नर्सरीवाल्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या. ‘लकी’, ‘जेड’, ‘लिली’, ‘पाम’ ही नावं नर्सरीत वाट्टेल त्या झाडाला दिलेली असतात.

घरात कुत्र्याबरोबर मांजरही असेल तर लिलीबाबत वेगळा नियम. पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या, सुवासिक लिली कुत्र्याचं फार तर पोट बिघडवतात. मांजराच्या बाबतीत मात्र अंगावर पडलेले परागकण त्याने चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. असा गुच्छ भेट आला तर लिलीची दांडी दारातच काढून टाका, बाकीची फुलं आत घ्या.